थायरॉईड काढल्यानंतरचे वजन आणि थकवा : आधी गोळी, मग रिपोर्ट, मग ताट

थायरॉईडची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्यानंतर दोन-तीन महिन्यांत बहुतेक घरांत दोन तक्रारी ऐकू येतात : वजनाचा काटा वर सरकतो आहे आणि दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही. त्यावर पहिला उपाय म्हणून रात्रीचे जेवण बंद होते, दुसरा उपाय म्हणून कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या फेऱ्या सुरू होतात, आणि रोजची गोळी खरोखर अंगी लागते आहे का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो. हा क्रम उलटा आहे. गोळी अंगी लागत नसताना केलेली उपासमार थकवा वाढवते, आणि थकलेल्या शरीराला चालायला लावले की चौथ्या दिवशी चालणे बंद पडते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत आणि एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा सुरू करू नये.

टप्पा १ : कागद जमवा आणि चार गोष्टी लिहून काढा

दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेला कागद, गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे रक्ताचे रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवावेत. त्यांतून चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहाव्यात.

पहिली, ग्रंथी पूर्ण काढली की अर्धी. पूर्ण काढली असेल तर लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडचे हार्मोन बाहेरून देणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. अर्धी काढली असेल तर उरलेला भाग अनेकदा पुरेसे काम करतो, मात्र दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासूनच ते ठरते. दुसरी, ग्रंथी का काढली. साधी गाठ, कर्करोग आणि अति काम करणारी ग्रंथी या तिन्ही कारणांनंतर रक्तातील टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन) कितीवर ठेवायचे याचे उत्तर वेगळे असू शकते, म्हणून शेजारणीच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट ताडून पाहण्यात काहीच अर्थ नाही. तिसरी, शस्त्रक्रियेच्या दिवशीचे वजन आणि आजार सुरू होण्यापूर्वीचे वजन, दोन्ही. चौथी, सध्या चालू असलेली सगळी औषधे : कॅल्शियम, लोह, पित्ताची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि दुकानातून स्वतःहून आणलेली चूर्णेसुद्धा.

तिसऱ्या नोंदीकडे फार दुर्लक्ष होते. ज्यांची ग्रंथी अति काम करत होती त्यांचे वजन आजारामुळे आधीच उतरलेले असते. शस्त्रक्रियेनंतर त्यांचे जे वजन वाढते, त्यातील मोठा भाग म्हणजे हरवलेले वजन परत येणे होय. तीस वर्षांच्या ओळखीचे लोक 'सुटलीस गं' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आजारातली बारीक मूर्ती असते.

टप्पा २ : गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर

माझ्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे आणि चुकाही सर्वाधिक इथेच होतात.

गोळी सकाळी उठल्यावर, पोट रिकामे असताना, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास, पाण्याखेरीज काहीही घेऊ नये. 'काहीही' या शब्दात चहा येतो. कोल्हापुरात दिवस चहाने उजाडतो, आणि गोळी तोंडात टाकून वर चहाचा घोट घेणारे पुष्कळ आहेत. चहा, कॉफी आणि दूध तिन्ही गोळीच्या शोषणात अडथळा आणतात. दुधाच्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पिण्याची ज्यांची जुनी सवय आहे त्यांनी ती सोडण्याची गरज नाही. दुधातही कॅल्शियम असल्याने पेलाभर दूध नाश्त्याच्या वेळेच्याही पुढे ढकलावे, एवढेच.

घरातील व्यवस्था बदलली की ही सवय लागते. गोळीची बाटली चहाच्या डब्याशेजारी असते तोवर दोन्ही एकदमच हाताला येतात. बाटली उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवावी. साडेपाचला जाग आली की तिथेच गोळी घ्यावी, मग दात घासणे, अंघोळ, देवपूजा उरकावी. गॅसवर आधण चढेपर्यंत तास सहज निघून जातो.

बाटली ठेवण्याची जागा आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. उष्णता, ओल आणि उजेड यांनी या गोळीची ताकद कमी होते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातील पापडसुद्धा मऊ पडतात, तेव्हा गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, स्वयंपाकघराची वाफ आणि न्हाणीघराची ओल यांपासून दूर ठेवाव्यात. महिन्याभराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवणे टाळावे. गोळ्यांचा रंग बदललेला दिसला किंवा त्या हाताला दमट लागल्या तर नवी बाटली घ्यावी.

सावधान : औषध दुकानदाराने 'तीच गोळी, दुसरी कंपनी' म्हणून बदलून दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कंपनी बदलावीच लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे. बाटलीवरील आकडा दर वेळी वाचावा. ८८ आणि १०० मायक्रोग्रॅमच्या बाटल्या घाईत एकसारख्याच दिसतात.

उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच असते. नवरात्रात कडक उपवास करणाऱ्या अनेक बायका नऊ दिवस औषध बाजूला ठेवतात. ही गोळी शरीरात हळूहळू उतरते, निम्मी व्हायला तिला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत काही जाणवत नाही आणि दसरा झाल्यावर थकवा येतो. त्याचे खापर मग उपवासावर फुटते. एखाद्या दिवशी गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली, तर जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. दुसऱ्या दिवशी आठवली तर काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवावे. आठवडाभराच्या राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नयेत.

सकाळ काही केल्या जमत नसेल, उदाहरणार्थ दूध संकलनाला पहाटे चारला जावे लागत असेल, तर रात्री झोपताना गोळी घेणे हा मान्य पर्याय आहे. अट एकच, शेवटच्या घासानंतर किमान तीन तास गेलेले असावेत. रात्री दहाला जेवणाऱ्या घरात ही अट पाळली जात नाही, म्हणून तिथे सकाळच बरी.

टप्पा ३ : कॅल्शियम, लोह आणि पित्ताच्या गोळीला वेगळी वेळ

थायरॉईडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्या रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का बसला की काही काळ, क्वचित कायमचे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागते. कॅल्शियम आणि लोह या दोन्ही गोळ्या थायरॉईडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात आणि ती तशीच बाहेर पडते. म्हणून मध्ये किमान चार तासांचे अंतर हवे.

एका दिवसाची मांडणी अशी करता येईल : साडेपाचला थायरॉईडची गोळी, साडेसहाला चहा, आठला नाश्ता, एकला जेवणाबरोबर कॅल्शियम, साडेचारला लोहाची गोळी, साडेआठला जेवणाबरोबर कॅल्शियमचा दुसरा डोस. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घेतले तर चांगले शोषले जाते. लोह मात्र चहाबरोबर कधीही घेऊ नये, आणि कॅल्शियमबरोबरही नको. पित्तासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी पोटातील आम्ल कमी होते आणि त्यामुळेही थायरॉईडच्या गोळीचे शोषण घटते. ती रोज चालू असेल तर डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असायला हवे.

सावधान : ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, हाताची बोटे आखडणे, पायात वारंवार गोळे येणे ही कॅल्शियम उतरल्याची लक्षणे आहेत. पहिल्या काही दिवसांत ती दिसली तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवावे. हात वळू लागले, श्वास घेताना घशात आवाज येऊ लागला किंवा झटका आला तर फोनवर वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. याला अशक्तपणा समजून लिंबू सरबत देत बसू नये.

टप्पा ४ : रक्ताची तपासणी योग्य वेळी आणि योग्य रीतीने

पूर्ण ग्रंथी काढलेल्या प्रौढ व्यक्तीला साधारणपणे दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम इतका रोजचा डोस लागतो. म्हणजे ६० किलो वजनाला अंदाजे १०० मायक्रोग्रॅम. ही फक्त सुरुवात असते. वय, हृदयविकार आणि ग्रंथी काढण्याचे कारण पाहून डॉक्टर तो कमी-जास्त करतात.

डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावे. पंधराव्या दिवशी केलेला रिपोर्ट फसवा असतो, कारण शरीर नव्या डोसवर अजून स्थिरावलेले नसते, आणि त्या आकड्यावरून डोस पुन्हा बदलला की झोका सुरू होतो, एकदा वर, एकदा खाली, आणि माणूस सहा महिने थकलेलाच राहतो. तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये आणि सकाळच्याच वेळी करावी. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, विशेषतः फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातील थायरॉईडचे हार्मोनही तपासायचे असेल तेव्हा. केस गळतात म्हणून बायोटीनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना तसे सांगून त्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात, कारण त्यांनी रिपोर्टचे आकडे चुकीचे येतात.

टीएसएचचा आकडा उलट वाचायचा असतो, हे घरातील सगळ्यांना एकदा समजावून सांगावे. आकडा वर गेला म्हणजे गोळी कमी पडते आहे, खाली गेला म्हणजे जास्त होते आहे. बहुतेक लॅबची सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास असते, मात्र कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांत डॉक्टर तो मुद्दाम खाली ठेवतात. तिथे रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'कमी' आले म्हणून परस्पर गोळी अर्धी करू नये.

तपासून पाहा : टीएसएच वाढलेले आले तर डोस वाढवून मागण्यापूर्वी वहीतील गेल्या महिन्याच्या नोंदी पाहाव्यात. गोळ्या किती चुकल्या, चहा कधी घेतला, कॅल्शियम कधी घेतले, पित्ताची गोळी नव्याने सुरू झाली का? उत्तर इथेच सापडले तर डॉक्टरांना तेही सांगावे. सवय तशीच ठेवून डोस वाढवला आणि पुढे कधी सवय सुधारली, तर तोच डोस जास्त होतो.

वजन उतरावे म्हणून स्वतःहून जास्त गोळी घेण्याचा सल्ला कुणी दिला तर तो कानाआड करावा. जादा डोसने छातीत धडधड, हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि हाडे ठिसूळ होणे हे धोके आहेत, आणि जे वजन उतरते त्यात स्नायूही जातात. दिवस गेल्याचे कळताच मात्र पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे, कारण गरोदरपणात डोस लवकरच वाढवावा लागतो.

टप्पा ५ : वजनाचे खरे कारण ओळखा

टीएसएच ठरलेल्या पातळीत आल्यानंतरच हा टप्पा सुरू होतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर आणि चहापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे. बेंबीच्या रेषेत कमरेचे माप महिन्यातून एकदा घ्यावे. रोज वजन केल्याने फक्त पाण्याचे चढउतार दिसतात आणि जीव वर-खाली होतो.

हार्मोन कमी असताना वाढणाऱ्या वजनात मीठ आणि पाणी यांचा वाटा मोठा असतो, आणि डोस जुळला की ते काही किलोंपर्यंत आपोआप उतरते. शस्त्रक्रियेनंतर पाहिल्या गेलेल्या रुग्णांतील सरासरी वाढ दोन किलोंच्या आसपास भरते. म्हणून टीएसएच जागेवर असूनही वजन दहा-बारा किलोंनी वाढले असेल तर सगळा दोष गळ्यावरच्या व्रणाला देऊन चालणार नाही. विश्रांतीच्या काळातले बसणे, भेटायला येणाऱ्यांनी आणलेले पेढे, चाळिशीनंतर सरकत आलेली पाळी आणि मधुमेहाची सुरुवात, हे सगळे तपासावे लागते.

टप्पा ६ : ताट बदला, पण भलत्या गोष्टी काढू नका

आधी एक गैरसमज दूर करू. कोबी, फ्लॉवर आणि मुळा थायरॉईडला वाईट म्हणून अनेक घरांत वर्षानुवर्षे वर्ज्य असतात. या भाज्यांवरचा आक्षेप ग्रंथीच्या कामापुरता आहे. पूर्ण ग्रंथी काढलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तो उरतच नाही, आणि पोट भरणाऱ्या, कमी कॅलरीच्या भाज्या मात्र विनाकारण ताटातून जातात. आयोडीनच्या मिठाचेही तसेच आहे : पूर्ण ग्रंथी नसेल तर त्याने फायदाही नाही आणि तोटाही नाही, घरातील इतरांसाठी तेच मीठ ठेवावे. ग्रंथी 'जागी' करणारी चूर्णे आणि काढे यांवर पैसे घालवण्यापूर्वी ग्रंथी जागेवर आहे का, हे आठवावे. सोयाबीनचे पदार्थ चालतात, ते गोळीपासून काही तास दूर ठेवावेत.

आता कॅलरी खरोखर कुठून येतात ते पाहू. तांबडा रस्सा तिखट म्हणून बदनाम आहे आणि पांढरा रस्सा सौम्य म्हणून पथ्याचा समजला जातो. वस्तुतः पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध, काजू, तीळ, खसखस पडते, म्हणजे वाटीमागे स्निग्धांश भरपूर. तांबड्यावरचा कट चमच्याने बाजूला काढता येतो, पांढऱ्यातले खोबरे काढता येत नाही. मटणाची ताटली सोडण्याची मुळीच गरज नाही, त्यात प्रथिने आहेत. दोन्ही रश्श्यांच्या वाट्या पुन:पुन्हा भरणे आणि शेवटी भाताचा डोंगर, हे थांबवावे. मिसळीचेही गणित असेच आहे : मटकी चांगली, वरचा फरसाण, कट आणि जादा पाव वजन वाढवतात. म्हशीच्या दुधाच्या २५० मिलीलिटर पेल्यात सुमारे अडीचशे कॅलरी असतात. दिवसाला असे दोन पेले असतील तर एक कमी करणे हा सर्वांत सोपा बदल आहे.

दिवसाला साधारण ५०० कॅलरी कमी केल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरते, आणि काही आठवड्यांनी हा वेग मंदावतो. त्याहून घाई केली की थकवा परत येतो. काय कमी करायचे याहून काय वाढवायचे ते आधी ठरवावे : प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठळक पदार्थ हवा. दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमच्या आसपास प्रथिने हे लक्ष्य ठेवले तर ६० किलोच्या बाईला साठ ग्रॅम लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा). एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, घट्ट वरणाच्या वाटीत जेमतेम तेवढीच. म्हणजे भाकरी, भाजी आणि पातळ आमटीच्या ताटात हा आकडा गाठला जात नाही. त्यात झुणका, मोडाची उसळ, दही, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी घालावेच लागते.

तपासून पाहा : शस्त्रक्रियेनंतर बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल किंवा कोंड्याचे प्रमाण एकदम वाढवले असेल तर ते गोळीच्या वेळेला चिकटलेले नाही ना, हे पाहावे. जादा तंतूमुळेही शोषण घटते.

टप्पा ७ : हालचाल, मानेपासून सुरुवात

घरातल्या घरात चालणे मात्र या क्रमाची वाट न पाहता पहिल्या दिवसांपासूनच सुरू ठेवावे. जड उचलणे, म्हणजे भरलेली घागर, गॅसची टाकी किंवा कडेवरचे मूल, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, टाळावे. व्रण ताणेल या भीतीने अनेक जण मान आखडून बसतात, खांदे पुढे येतात, डोके दुखते आणि ते दुखणेही थायरॉईडच्या खात्यावर जमा होते. डॉक्टरांनी परवानगी दिली की मान हळूहळू डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवणे दिवसातून तीन-चार वेळा करावे. मागे वळून पाहताना दुखत असेल तोवर दुचाकी चालवू नये.

त्यानंतर सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. रंकाळ्याचा काठ यासाठी उत्तम, कारण थांबायला जागा आहे. पन्हाळ्याची किंवा जोतिबाची चढण नंतर. आठवड्याला १५० मिनिटे हे प्रौढांसाठीचे सर्वसाधारण लक्ष्य आहे. पावसाळ्यात ते मोडतेच, म्हणून घरातील पर्याय जूनआधी ठरवून ठेवावा. नुसते चालणे पुरेसे नाही. खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे, असा स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस हवा, कारण बसल्या जागी ऊर्जा खर्च करणाऱ्या मोठ्या घटकांत स्नायू येतात.

टप्पा ८ : तरीही थकवा उरला तर

टीएसएच दोन वेळा ठरलेल्या पातळीत येऊनही थकवा जात नसेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-ट्वेल्व्ह, ड जीवनसत्त्व, साखर आणि कॅल्शियम यांच्या तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. घोरणे आणि सकाळी उठल्यावर जड डोके असेल तर झोपेतील श्वास अडखळण्याचीही चौकशी करावी. मन उदास राहणे, रडू येणे, कशातच रस न वाटणे हेही सांगावे. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' या वाक्यावर भेट संपू देऊ नये.

कर्करोगासाठी रेडिओ-आयोडीन (उरलेल्या थायरॉईड पेशी नष्ट करणारे किरणोत्सारी आयोडीन) द्यायचे असेल तर चित्र वेगळे असते. काही रुग्णांची गोळी त्यापूर्वी काही आठवडे मुद्दाम बंद ठेवतात आणि एक-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार देतात. त्या काळात आयोडीनचे मीठ, दूध आणि मासे यांवर बंधने येतात, आणि थकवा, सूज, वजन हे सगळे वाढते. तो काळ वजन कमी करण्याचा नव्हे. वाहन चालवणे, रात्रपाळी आणि लग्नघरची कामे त्या आठवड्यांत दुसऱ्यांवर सोपवावीत. उपचारानंतर गोळी पुन्हा कोणत्या दिवशी सुरू करायची, ती तारीख लेखी घ्यावी.

वजन ठरल्याप्रमाणे आठ-दहा किलो उतरले तरीही टीएसएच पुन्हा तपासावे, कारण जुना डोस जुन्या वजनाला बेतलेला असतो. सगळे स्थिरावल्यावर तपासणी सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा पुरते. पुढची तारीख फाईलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावी.